चौकच्या गॅरेजातला पहारा

त्या दुपारी मी खोपोलीला नव्हतो. चौक गावच्या गॅरेजात होतो, पहाऱ्यावर होतो, आणि पहारा सोडून निघून गेलो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोलीस पाटलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या उस्तादला तर नाहीच. त्यानं मला सरळ विचारलं होतं. मी सरळ खोटं बोललो.

आता सांगतो आहे ते कुणी हळहळावं म्हणून नाही. इतकी वर्षं लोक बोलत आले की चौकला काही रिटायर फौजींनी डॉक्टरकीचा आव आणून एका चांगल्या गड्याला मारलं. ते खोटं आहे. ते कुठून सुरू झालं हे माहीत असलेला मी एकटाच आहे, आणि आता मला ते ऐकवत नाही.

एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगाच्या कपच्या माझ्या मांडीत आणि कमरेत घुसल्या. पाच महिने मिलिटरी हॉस्पिटलात काढले. आधी ठरल्या वेळेला मॉर्फिनचं इंजेक्शन मिळायचं. मग मी मागेन तेव्हा. मग मी मागत राहायचो आणि नर्स मान हलवायची. घरी आलो तेव्हा पेन्शन होती, गावानं शाळेच्या पटांगणात हार घातला होता, आणि कमरेतले दोन तुकडे होते तिथंच होते. खोपोलीच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागलो. आठ तास उभं राहायचं. दुसऱ्या महिन्यात हायवेवरच्या धाब्यावर एका ट्रकवाल्यानं माझं बसणं-उठणं बघितलं आणि बोटाच्या टोकावर काळी गोळी पुढे केली. "ले फौजी, चाय के साथ. कमर भूल जाएगा." कमर विसरलो. दोन वर्षांत बाकीचंही विसरायला लागलो.

गाव मला अफूबाज म्हणू लागलं. ह्याच गावात लावणीच्या दिवसांत बाया तान्ह्या पोरांना अफूचा कण चाटवून बांधावर निजवायच्या, म्हणजे चिखलात हात मोकळे. मलाही निजवलं असेल. तेव्हा ते शहाणपण होतं. हॉस्पिटलात सुईनं दिली तेव्हा ते औषध होतं. मी धाब्यावर घेतली तेव्हा ती थेरं झाली. माझ्या वाट्याची शरम पुढे येणार आहे, ती मी टाळणार नाही. पण दुखत होतं म्हणून घेतली ह्याची शरम मला वाटत नाही, आणि कुणी ती माझ्या गळ्यात बांधूही नये.

उस्ताद भेटला तो सायकलच्या पंक्चरमुळे. फौजेच्या गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मूळचा साताऱ्याकडचा, बायकोच्या गावाला लागून हायवेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकून बसलेला. ट्रकवाल्यांपासून सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्यानं चाक हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती घेतोस?"

"काय किती?"

"च्या विचारतोय व्हय मी? आरशात बघ. डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालीया. सात वर्सं घेतलीया मी, पासष्टपासनं. मला नको शिकवू."

वालाच्या दाण्याएवढी, असं मी बोटावर दाखवलं.

"सकाळी का सांजच्याला?"

"दोन्ही वेळा."

"मग रविवारी ये. बायकूला सांग, गडी सहा दिवस क्यांपला चाललाय."

आमच्या पहाऱ्यात गूढ काही नव्हतं. अफू सोडली की पाच-सहा दिवस अंगातलं हाडन् हाड बोलतं, पोटात काही राहत नाही, झोप येत नाही, आणि माणूस दाराकडे बघत राहतो. उस्तादच्या वेळी त्याचा एक फौजी जोडीदार सहा दिवस गोठ्यात त्याच्या शेजारी नुसता बसून राहिला होता. बांधलं नाही, उपदेश केला नाही. तेवढ्यावरून उस्तादनं ही रीत बसवली. गॅरेजच्या मागे जुन्या टायरांची खोली होती, ती रिकामी केली. तीन-तीन तासांचा पहारा. नियम एकच, जो स्वतः त्या खोलीत पडून उठलाय त्यानंच तिथं बसायचं. आणि पहारा बदलताना फौजेसारखा चार्ज द्यायचा, मोठ्यानं, पडलेल्या माणसाला ऐकू जाईल असा: "एक माणूस, दोन घोंगड्या, एक बादली, एक मग. सब ठीक."

माझ्या तिसऱ्या दिवशी मी ओरडलो, "उस्ताद, मी मरतोय."

"मर की. पर चार्ज हुईपातुर थांब. आत्ता माझ्या नावावर हायस, रिपोर्ट मलाच लिवाय लागंल."

मी ओकता ओकता हसलो. दुसऱ्या पाळीला बौद्धवाडीतला एक रिटायर नाईक असायचा. माझ्या गावात त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही असं मानणारी घरं होती, माझं धरून. त्या खोलीत त्यानं माझं तोंड धुतलं, पायजमा बदलला, आणि आम्ही एकाच मगानं पाणी प्यालो. सातव्या दिवशी घरी गेलो तेव्हा आईनं विचारलं, कुणाच्या हातचं खाल्लंस? मी म्हणालो, ज्यांनी वाचवलं त्यांच्या. ती चार दिवस बोलली नाही. न बोलू दे, म्हटलं.

'सब ठीक' ह्या दोन शब्दांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच बिघडलं. पहाऱ्यावरचा संत्री हे शब्द बोलतो तेव्हा त्यात तो स्वतःही येतो. मी जागा आहे, शुद्धीत आहे, माझ्याकडे गडबड नाही. आमच्यात त्याचा अर्थ असा, की मीही घेतलेली नाही. दर रविवारी सकाळी गॅरेजात हजेरी असायची. पाच जण रांगेत उभे राहायचो, एकेक जण 'सब ठीक' म्हणायचा, मग चहा. कुणी कुणाचा खिसा तपासला नाही. फौजेत जवानानं रिपोर्ट दिला की दिला. त्याच्यावर हात घालून झडती घेणं हे आम्हाला अफूपेक्षा घाण वाटायचं. गावातल्या कुणाही शहाण्या बाईनं पहिल्या दिवशी आमचे खिसे उलटे केले असते. आम्हाला ते सुचलंच नाही.

ड्रायव्हरला त्याच्या बायकोनं आणलं. कळंबकडचा, फौजेत डोंगरातले ट्रक चालवणारा. गाडी दरीत गेली, बरगड्या आणि खांदा मोडला, पुढची गोष्ट माझीच. एस.टी.तून उतरून त्याला पुढे घालून ती गॅरेजात आली आणि उस्तादसमोर उभी राहिली.

"तुमी डाक्टर हाव काय?"

"न्हाई बाई."

"मंग कोन हाव?"

"ह्याच्यासारखाच हाय."

"मंग ठीक हाय. डाक्टरांनी हात टेकलं." मग पदर खोचत म्हणाली, "सा दिसांनी मना माझा मानूस मोजून द्या. कमी भरला तर मी तुमाला सोडनार नाय."

चौकला तिची बहीण दिली होती, तिथं राहून ती रोज भाताची पेज घेऊन यायची आणि पत्र्याच्या भिंतीबाहेर बसायची. तिसऱ्या दिवशी त्यानं आतून तिच्या माहेरासकट सगळ्यांना शिव्या घातल्या. मी पहाऱ्यावर होतो, मलाच लाज वाटली. बाहेरून आवाज आला, "दे रं, आनखी दे. आवाज खनखनीत हाय, बरगड्या जुळल्या म्हनायच्या." आतला माणूस घोंगडीत तोंड घालून हसायला लागला.

सहा दिवसांनी उस्तादनं तिला चार्ज दिला. एक माणूस, सब ठीक. तिनं खरंच त्याचे हात उलटे-पालटे करून बघितले. ड्रायव्हरला टेंपोवर काम मिळालं. दर रविवारी कळंबहून हजेरीला येताना तो भोपळा नाहीतर वालाच्या शेंगा आणायचा. मला म्हणायचा, "तू त्या टायमाला माझ्या बायकोसमोर हसला नाय, ह्ये मी इसरनार नाय."

मी तोवर पुन्हा अफू सुरू केली होती.

कारण काढायला गेलं तर कारण आहे. थंडी पडली, कमर धरली, कारखान्यात एकाची पाळी मला करावी लागली. पण ह्यातलं काहीही मी उस्तादला सांगू शकलो असतो. ज्या जागी मला हे सांगता आलं असतं अशी जगात एकच जागा होती, आणि तिथं मी रांगेत उभा राहून छाती पुढे काढून 'सब ठीक' म्हणत होतो. बूट पॉलिशच्या रिकाम्या डबीत माल असायचा. ती पँटच्या मागच्या खिशात असायची आणि मी त्याच खिशाच्या बाजूनं उस्तादच्या शेजारी बाकावर बसून चहा प्यायचो.

त्या दिवशी उस्ताद स्पेअर पार्ट आणायला पुण्याला गेला होता. चावी माझ्याकडे होती. दुपारी चारला खोपोलीत माझी पाळी लागायची, तोवर गॅरेज सांभाळायचं. अकराच्या सुमाराला ड्रायव्हर आला. रविवार नव्हता. चेहरा उतरलेला.

"मना आत घे," तो म्हणाला. "आजच. पहारा लाव."

"घेतलीस?"

"नाय रं. घेतली नाय म्हनून तर आलो. सकालपासून हात धाब्याकडंच वलतंय. टेंपो कडेला लावला नि चालत आलो. येताना दोन धाबे लागलं, दोन्ही टायमाला दुसरीकडं बघितलं."

सोडून पाच आठवडे झालेला माणूस, घेण्याच्या आत, आपल्या पायानं पहारा मागायला आला होता. आम्ही जे उभं केलं होतं ते ह्याच्यासाठीच होतं. आमच्यापैकी कुणीही इतकं चांगलं वागलं नव्हतं.

मी त्याला खोलीत घेतलं. घोंगडी दिली. शेजारी बसलो. पहिला तास त्यानं बडबड केली, टेंपोची, गिऱ्हाइकांची. मग तो शांत व्हायला लागला आणि मी बिघडायला लागलो. माझी वेळ झाली होती. त्याच्यासमोर डबी काढता येईना, त्याला सोडून उठता येईना. जांभया सुरू झाल्या. नाकाला पाणी लागलं. अंगावर काटा आला.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या खोलीत पडलेल्या माणसाला हे ओळखायला वेळ लागत नाही.

"तू पन?" तो म्हणाला. "कवापासून रं?"

मी बाहीनं नाक पुसलं.

"उस्तादला ठावं हाय?"

"नाय."

"मंग सांगूया. तो आला का दोघांनी सांगूया. त्यात काय एवढं? तो काय मारनार हाय काय? दोघांचा एकदम पहारा लागंल, बस." तो खरंच हलका झाला होता. त्याला सोबत मिळाली होती.

आजवर मी स्वतःलाही सांगत आलो की मला त्याची दया आली, त्याचे हाल बघवले नाहीत, म्हणून दिली. तसं नव्हतं. त्याचे हाल होत नव्हते, माझे होत होते. तो संध्याकाळी उस्तादला सांगणार ह्याची मला भीती वाटली. त्यानंही घेतली तर त्याला तोंड राहणार नाही, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. स्टोव्हवर चहा ठेवला. डबी त्याच्यासमोरच काढली.

"आजची शेवटची," मी म्हणालो. "दोघांची. उद्यापासून दोघं पहाऱ्यात."

"नको."

"एवढी कमर धरलीय, मी एकटा कसा घेऊ तुझ्यासमोर?"

"तू घे. मी भिताडाकडं तोंड करतो." त्यानं खरंच तोंड फिरवलं. दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा मी कप त्याच्या हातात दिला. त्याच्या चहात मी त्याचं जुनं माप घातलं होतं, सोडण्याआधीचं. पाच आठवड्यांत शरीर ते माप विसरतं, पूर्वीचं पेलत नाही, हे मला माहीत नव्हतं. आमच्यात कुणालाच नव्हतं. आम्ही माणसाला धुतलेल्या रायफलीसारखं समजत होतो, साफ केली की पूर्वीसारखी चालणार. आता नवा माणूस आला की ही गोष्ट आम्ही सगळ्यात आधी सांगतो. पण माहीत नव्हतं म्हणून माझी सुटका होत नाही. मला 'नको' हा शब्द माहीत होता.

तीनच्या सुमाराला तो गाढ झोपला. घोरणं मला वेगळं वाटलं, मधेच थांबायचं, बऱ्याच वेळानं यायचं. मी दोनदा हलवला. त्यानं डोळे किलकिले केले. खोपोलीची एस.टी. यायची वेळ झाली होती. मी कप धुतले, दार ओढून घेतलं, चावी उस्तादच्या नेहमीच्या जागी ठेवली आणि गेलो. चार्ज द्यायला कुणी नव्हतं. मी थांबायला हवं होतं. पाळीवर गेलो नसतो तर फार तर एक खाडा पडला असता.

उस्ताद संध्याकाळी परतला तेव्हा तो गेलेला होता.

पोलीस पाटलाला उस्तादनं सांगितलं, "गॅरेज माझं, चावी माझी, जबाबदारी माझी." लोकांनी आपापली गोष्ट जुळवली. गड्यानं धाब्यावरून आणली, आत जाऊन घेतली, आणि हे फौजी म्हणे व्यसन सोडवतात. कुणी म्हणालं, उपाशी कोंडून मारला. उस्तादनं एकालाही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या दुपारी तू हितं हुतास?"

"नाही उस्ताद. मी लवकरच खोपोलीला गेलो होतो. कुलूप लावून."

"मग त्यो आत कसा गेला?"

"चावीची जागा त्याला माहीत होती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. जवानानं रिपोर्ट दिला होता.

वहिनी, म्हणजे ड्रायव्हरची बायको, दिवस झाल्यावर गॅरेजात आली. उस्तादशी बोलली नाही. मला म्हणाली, "भावजी, तुमी हितं असतंव तर असं झालं नसतं."

वर्षाच्या आत उस्तादनं गॅरेज विकलं आणि साताऱ्याकडे निघून गेला. तिकडेच वारला. पोस्टकार्ड आलं तेव्हा माझी अफू सुटलेली होती. बौद्धवाडीतल्या त्या नाईकाकडे जाऊन म्हटलं होतं, मी पुन्हा घेतोय, माझ्याजवळ बस. तो बसला. त्याला एवढंच सांगितलं. बाकीचं नाही. आता तोही नाही.

हायवेवर गर्द आली तेव्हा मी आणि आणखी दोन फौजींनी पहारा परत सुरू केला, माझ्या घराच्या पडवीत. रीत तीच, फक्त आता हजेरीला खिसे उलटे करतो. पहिल्यांदा माझे. नवीन आलेल्या एका सुभेदाराला ते अपमानाचं वाटलं, तर मी म्हटलं, वाटू दे, आधी माझा अपमान बघ आणि मग ठरव.

ग्रामसभेत विषय निघाला. सरपंच म्हणाले, "गावात गर्दुल्ल्यांचा अड्डा नको."

मी उभा राहिलो. "सव्वीस जानेवारीला ह्याच माणसांना तुमी झेंड्याखाली पहिल्या रांगेत उभं करता. हार घालता. तवा ते गर्दुल्ले नसतात? मंग सत्तावीस तारखेला कुठं जावं त्यांनी?"

"दवाखान्यात जावं."

"जातात. दवाखान्यातून घरी सोडल्यावर जवळ कोन बसंल? तुमी बसाल? नाव द्या, आज पाळी लावतो."

कुणी नाव दिलं नाही. मागून एक जण ओरडला, "चौकला एक मारलात, तेवढ्यानं पोट भरलं नाय काय?"

"पहाऱ्यानं कुणी मेला नाय," मी म्हणालो. पडवी चालू राहिली, आजही आहे, आणि ती बंद करायला कुणी यायचं असेल तर त्यानं जरूर यावं, मी घरीच असतो. पण ते वाक्य बोलताना मला कळत होतं की ते खरं असून अर्धं आहे. तो पहाऱ्यानं मेला नाही. पहारेकऱ्यानं मारला. एवढं पुढे बोलायला जीभ उचलली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कर्जतच्या बाजारात वहिनी भेटली. केस पिकलेत. सुकटीचे वाटे लावून बसली होती. मला बघून हातातलं काम ठेवलं.

"भावजी, परत चालू केलंव म्हनं तुमी. बरं केलंव." आणि मग, चिडून नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आमच्या मानसाला नाय जमलं. दुसऱ्यांना तरी जमूंदे."

मी सुकटीचे दोन वाटे घेतले आणि घरी आलो.

त्याला जमलं होतं. आम्हा सगळ्यांत त्याला एकट्यालाच पुरतं जमलं होतं. त्यानं त्या दिवशी काही घेतलेलं नव्हतं, दोन धाबे ओलांडून तो चालत आला होता, आणि तीनदा विचारल्यावर दोनदा नको म्हणाला होता. हे जगात फक्त मला माहीत आहे. ती इतकी वर्षं हरलेल्या माणसाची बायको म्हणून जगते आहे, मुलांनाही तिनं तेच सांगितलं असणार.

उस्तादचं मी जे देणं लागतो ते आता फिटण्यासारखं नाही. वहिनीचं फिटण्यासारखं आहे. कळंबला जाऊन, तिच्या दारात उभं राहून, तिच्या मुलांसमोर, तो कसा आला होता आणि अफू कुणी दिली हे माझ्या तोंडानं सांगायचं देणं मी लागतो. हे लिहून ते फिटलेलं नाही. मी अजून गेलेलो नाही.